कपाटाचं दार वाजेनासं झालं तेव्हा

हल्ली कुणाच्या नव्या घरी गेलं की घरातली बाई आधी स्वयंपाकघरात नेते आणि एखाद्या कपाटाचं दार मुद्दाम जोरात ढकलून दाखवते. दार धावत येतं, चार बोटं उरली की दम खातं आणि सावकाश मिटतं. "बघा, अजिबात आवाज नाही," ती कौतुकानं म्हणते. बरोबरच्या बायका "भारीच" म्हणतात. मीही म्हणते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली असते. त्या बाईचा काही दोष नसतो, दाराचाही नसतो. मला आमच्या पूर्णेच्या घरातलं कपाट आठवतं. असलं न वाजणारं दार मी तीस वर्षांपूर्वी पाहिलंय, आणि ते माझं तोंड बंद करायला बसवलं होतं.

तोंड बंद करायला, हे मी उगीच म्हणत नाही. नीट सांगते.

माझं लग्न झालं ते विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीनंतर तीन वर्षांनी. दंगल झाली तेव्हा मी परभणीत कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. एसट्या बंद, कॉलेज बंद. वडील कसेबसे आले आणि मला गावी घेऊन गेले. कॉलेज सुरू झाल्यावर मी परत गेले. माझ्या बाकावर बसणाऱ्या दोन मुली मात्र परत आल्याच नाहीत. त्यांच्या वस्तीवरची घरं जाळली होती. हे आधीच लिहून ठेवते, कारण माझा राग मला त्यांच्या दुःखाच्या पंक्तीला बसवायचा नाही. एका नावासाठी त्या लोकांनी काय काय सोसलं! माझं नाव लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं आणि एका मिनिटात बदललं. मी बी.ए., बी.एड. झाले होते ते जुन्या नावानं. ती सर्टिफिकिटं ट्रंकेच्या तळाशी गेली आणि वर लुगडी आली.

सासर रेल्वेतलं. नवरा मालगाडीवर गार्ड, सासरे डबे दुरुस्त करणारे फिटर, नुकतेच रिटायर झालेले. खाऊनपिऊन सुखी, निर्व्यसनी माणसं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मला कधी उपाशी ठेवलं नाही. हे मी सांगते कारण असं काही नसलं की लोक विचारतात, मग राग कशाचा?

राग बोलण्याचा. आमच्याकडं सून सासऱ्यांशी बोलत नसे. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं, तेही त्यांच्या माघारी. समोर यायचं नाही, आलं तर पदर कपाळापर्यंत ओढायचा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. चहा झाला की स्वयंपाकघराच्या दाराची कडी एकदा वाजवायची. जेवण झालं की दोनदा. मामंजीही माझ्याशी बोलत नसत. त्यांना पाणी हवं असलं की ते बैठकीतल्या भिंतीकडं बघून म्हणायचे, "पानी मिळंल का कुनाकडून?" ती कुणी म्हणजे मी. पुढं मुलगी बोलायला लागली तेव्हा निरोपाचं काम तिच्याकडं गेलं. "जा, तुझ्या आईला सांग." आई तीन हातांवर, मधे एक पडदा.

एकत्र कुटुंबातल्या पुष्कळ घरांत तेव्हा हे असंच होतं, मान्य. पण मी बी.एड.ला पन्नास पोरांसमोर धडे घेतले होते. शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा हे शिकले होते. आणि ते शिकून मी कडी वाजवत होते.

आता कपाट. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधल्या भिंतीत एक मोठं कपाट होतं. सागवानी, दोन दारांचं. त्याची पाठ म्हणजे बैठकीची भिंत, आणि ती पाठही लाकडाचीच. मामंजींची बाज नेमकी त्या पाठीला लागून. दार जरा जोरात लावलं की बैठकीत बसलेल्याच्या पाठीत धप्पकन बसल्यासारखं व्हायचं.

ही किमया मला सासूबाईंनी शिकवली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझ्या लग्नाला वर्षही झालं नसेल. बैठकीत मामंजी कुणा पाहुण्याला सांगत होते की आमच्या घरून चौघं लग्नाला येतील, सूनबाईसुद्धा. मला तेव्हा दिवस गेले होते आणि पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. मी रडकुंडीला आले. आत्याबाई शांतपणे उठल्या, कपाटातून हळदीचा डबा काढला आणि दार असं आपटलं की वरच्या फळीवरची चाळणी खाली आली. बैठकीत बोलणं थांबलं. मग मामंजींचा आवाज आला, "बगू. कळवतो तुमाला."

"अन् ते रागावले तर?" मी कुजबुजले.

"कुनावर रागवतेत?" आत्याबाई म्हणाल्या. "वाऱ्यानं आपटलं असंल दार. वाऱ्याला कोन बोलतंय बाई?"

पुढं चार वर्षांत आत्याबाई वारल्या. लोकांना सासूकडून पाटल्या मिळतात. मला ते दार मिळालं.

आणि मी ते वापरलं, अगदी जपून. भांडी आपटली की भांडकुदळ सून म्हणून गावभर नाव होतं, दाराचं तसं नाही. दार कुणाच्याही हातून सुटतं, खिडकी उघडी असली की वारा येतो. घरात सगळ्यांना माहीत होतं की वारा कोण आहे, पण तसं म्हणायची गरज कुणालाच नव्हती. नवऱ्याचा चुलतभाऊ दोन वर्षं आमच्याकडं राहून शिकणार असं बैठकीत ठरत होतं. सगळ्यांचे डबे, सगळ्यांची धुणी माझ्या अंगावर. मी दार आपटलं. मामंजी म्हणाले, "जागा कमी पडंल म्हनलं." मुलीला इंग्रजी कशाला, असं निघालं. मी दोन्ही दारं एकापाठोपाठ आपटली. मुलगी इंग्रजी शिकली. गावोगावच्या ग्रामसभांत बायकांना बोलू देत नव्हते त्या काळात माझं घरात मत होतं, सागवानी आणि दणदणीत.

मामंजींना ते कळत नव्हतं असं समजू नका. आयुष्यभर हातोडीनं चाकं ठोकून, आवाजावरून चाकाला गेलेला तडा ओळखणारा माणूस तो. त्यांना दार बरोबर कळायचं.

त्या दाराच्या जुन्या लोखंडी बिजागऱ्या झिजून दार एका अंगाला लोंबायला लागलं होतं. खालचा कोपरा चौकटीला घासायचा. एक दिवस नवरा ड्यूटीवरून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "बाबा म्हणायलेत, कपाटाच्या बिजागऱ्या बदलून घ्या. परभणीला जाऊ. तू बी चल, तुझं कपाट हाय, तुला कळतं."

तुला कळतं! इतक्या वर्षांत घरातल्या वस्तूबद्दल मला कुणी हे म्हटलं नव्हतं. मी इस्त्रीची साडी नेसले. मला माझाच राग येतो तो इथं.

परभणीच्या स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मी लाकडी बाकड्यावर बसले आणि दुकानदारानं माझ्यापुढं बिजागऱ्यांचा ढीग घातला. लोखंडी, पितळी, लांब पट्टीच्या, फुलपाखराच्या आकाराच्या. मी एकेक उघडमीट करून बघत होते. पितळी पसंत पडायला आली होती, तेवढ्यात त्यानं गल्ल्यामागून एक छोटी फळी काढली. तिच्यावर नमुन्याचं इवलंसं दार बसवलेलं. "वैनी, हे मुंबईहून आलंय नवीन. बिजागरी बाहेरून दिसत न्हाई. दाराला आतून वाटीसारखं गोल भोक पाडायचं, त्यात ही बसती. अन् आत स्प्रिंग हाय. ढकला अन् विसरा."

त्यानं ते दार बोटानं नुसतं टिचकावलं. दार निघालं आणि आपलं आपण घट्ट मिटलं.

मला काय वाटलं सांगू? हाताला कणीक लागलेली असते, एका हातात उकळतं भांडं असतं, तेव्हा कोपरानं दार ढकललं की ते मिटेल. दर दोन दिवसांनी डब्यांत उंदीर शिरतो, तो शिरणार नाही. मी हरखून गेले. मी ते दार चार वेळा टिचकावलं. नवरा म्हणाला, "जुन्या दाराला हे शोभंल का? पितळीच घे." आणि मी, जिला कुणी कधी विचारलं नव्हतं, मी ठासून म्हटलं, "मला हेच पाहिजे." नवऱ्यानं ऐकलं. चार बिजागऱ्या, बारीक स्क्रूची पुडी. येताना गाडीत मी ती पुडी मांडीवर धरून बसले होते.

बसवायला आमच्या गल्लीच्या टोकाचा सुतार आला. म्हातारा, हात कसबी, पण असली बिजागरी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. गोल भोक पाडायचं पातं त्याच्याकडं नव्हतं. त्यानं कंपासनं दारावर गोल काढला, गिरमिटानं कडेकडेनं बारीक भोकं पाडली आणि आतलं लाकूड पटाशीनं कोरत बसला. जुनं सागवान, दगडासारखं. एका वाटीला अर्धा दिवस. एक भोक जास्त खोल गेलं आणि बाहेरून लाकूड पातळ झालं. बोट लावलं की तिथं अजून कळतं. मामंजी त्याच्या शेजारी पाटावर बसून सूचना देत होते. मी तेवढ्यापुरती चूल मागच्या पडवीत हलवून दोघांना चहा करत होते. दार उचलून चौकटीला लावताना सुतार म्हणाला, "कुनीतरी खालून धरा," आणि कुणीतरी म्हणजे मीच. मी पदर सावरून माझ्या हातांनी ते दार पेललं.

दार बसलं, सरळ बसलं. सुतारानं ढकललं. स्प्रिंगनं शेवटच्या चार बोटांत ते असं ओढलं की खाटकन आवाज झाला. आधीच्यापेक्षा मोठा.

मामंजींचं तोंड उतरलं. "हे तर अजून जास्ती बोलायलंय," ते म्हणाले.

मी पडवीत पोळपाटावर मान खाली घालून हसले. तेवढंच ते माझं हसणं.

दुसऱ्या दिवशी मामंजी डॉक्टरांकडून इंजेक्शनच्या दोन जुन्या काचेच्या पिचकाऱ्या मागून घेऊन आले. डॉक्टरांकडं आता प्लॅस्टिकच्या आल्या होत्या. तीस वर्षं रेल्वेत हवेच्या ब्रेकांशी खेळलेला माणूस. त्यांनी पिचकारीत बॉलपेनातली बारीक स्प्रिंग घातली, म्हणजे दट्ट्या आपोआप बाहेर येईल. तोंडाला मोडकी सुई लावली, म्हणजे आतली हवा एकदम सुटणार नाही, हळूहळू निघेल. चौकटीला आतून भोक पाडून दोन्ही पिचकाऱ्या दारासमोर आडव्या बसवल्या. दार आलं की दट्ट्याला टेकायचं, हवा सुईतून सूं करून निघायची, आणि दार लाजत लाजत मिटायचं. डोकं होतं माणसाला. ते डोकं त्यांनी कशासाठी वापरलं ते बघा.

मी पडवीतून चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते. मामंजी परत बोलावलेल्या सुताराला म्हणाले, "आता आपटून बग. जीव खाऊन आपट."

सुतारानं आपटलं. दार धावत आलं आणि चार बोटांवर थांबलं. सूं. मिटलं. कपातला चहासुद्धा हलला नाही.

"बस," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "आता बोल म्हनावं काय बोलायचं ते."

सुतार हत्यारं पिशवीत भरायला लागला. त्याला कळलं नसेल, किंवा चांगलंच कळलं असेल. मी ट्रे तिथंच खाली ठेवला आणि कडी न वाजवता पडवीत परत गेले. इतकी वर्षं वारा वारा म्हणून जे आम्ही दोन बायकांनी सांभाळलं, ते वारा नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्यांनी ते बुजवलं होतं. त्यांनी ओरडून मला गप्प केलं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांनी पाटावर बसून, चहा पीत, माझ्याच हातांनी दार धरायला लावून गप्प केलं.

रात्री नवऱ्याला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? तो म्हणाला, "बाबांना आवाजाचा त्रास व्हायलाय. वय झालं." मग कूस बदलून म्हणाला, "बिजागरी तर तूच घेतलीस की."

त्यानंतर जो येईल त्याला मामंजी कपाट दाखवायचे. "ढकला. आला का आवाज?" पाहुणे वाखाणायचे. घर शांत झालं. मी इतर काही आपटून बघितलं असतं, पण ताट ताटच असतं, ते वाऱ्यानं पडत नाही. महिनाभरात बैठकीत तीन गोष्टी माझ्या मनाविरुद्ध ठरल्या. त्या काय होत्या ते आता सांगत बसत नाही, घरच्या, रोजच्या. मी प्रत्येक वेळी सवयीनं दार ढकललं. सूं.

एक दिवस माझी मुलगी शाळेतून रुसून आली. अकरा वर्षांची. काय झालं विचारलं तर बोलेना. दप्तर फेकलं, कपाटाशी गेली आणि दोन्ही हातांनी दार आपटलं. ते सूं करून मिटलं तशी ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. मला वाटत होतं मी तिला इंग्रजी शिकवतेय. ती माझ्याकडून हे शिकत होती.

विद्यापीठाचं नाव बदललं ते त्याच हिवाळ्यात. त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्यापुढं एक संधी आली. चुडाव्यात एक खासगी शाळा वाढत होती आणि त्यांना मराठी शिकवणारी बाई हवी होती. चुडावा म्हणजे पूर्णेहून पुढचंच स्टेशन. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं परत. तिथले हेडमास्तर परभणीच्या कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढं होते. ते नवऱ्याला स्टेशनवर भेटले आणि म्हणाले, "तुमच्या मंडळी बी.एड. आहेत ना? विचारा." नवरा काय म्हणाला असेल? "रविवारी घरी या, बाबांना विचारा."

मला विचारा असं दोघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही.

शनिवारी मी ट्रंकेच्या तळातून सर्टिफिकिटं काढली. कागद पिवळा पडला होता, शिक्का शाबूत होता. माझं जुनं नाव वाचलं आणि कोण बरं ही, असं क्षणभर वाटलं. त्या क्षणी मला कळलं की ही नोकरी मला पगारासाठी नको आहे. मला एका वर्गासमोर उभं राहून मोठ्यानं बोलायचं आहे. ते मिळालं नाही तर मी या घरात कडी वाजवत मरणार.

रविवारी हेडमास्तर आले. बैठकीत खुर्चीवर ते, बाजेवर मामंजी, दारापाशी स्टुलावर नवरा. मुलीनं चहा नेला. मी कपाटाशी उभी. लाकडाच्या पाठीतून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

मामंजींनी आधी सर्टिफिकिटाचं काढलं. "तिचा कागद जुन्या विद्यापीठाचा हाय. आता नाव बदललं. तो कागद आता काय कामाचा?"

हेडमास्तर हसले. "काका, नाव वाढलंय. परीक्षा तीच राहिली. सगळ्यांचे कागद चालतात."

"बरं. अन् लग्नाच्या आदीचं नाव हाय त्याच्यावर."

"ते एका अर्जाचं काम आहे. मी करून घेतो."

मामंजी अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "तसं न्हाई हो मास्तर. आमची काय ना न्हाई. तिलाच करायची न्हाई नौकरी. आमी इचारलं तिला."

मी दार आपटलं. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आपटलं. ते धावत गेलं, चार बोटांवर थांबलं, आणि सूं. मी दुसरं आपटलं. सूं. एवढं मोठं खोटं माझ्या नावावर चाललं होतं आणि कपाट माझ्या तोंडावर अदबीनं मिटत होतं.

"असं आहे का," बैठकीत हेडमास्तर म्हणाले. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "मग राहिलं. मला वाटलं होतं..." खुर्ची सरकली.

मी ताटांची चळत उचलली. सोळा स्टीलची ताटं. ती फरशीवर टाकली असती तर अख्ख्या पूर्णेला ऐकू गेलं असतं. पण मग काय? लोक म्हणाले असते, सुनेच्या हातून ताटं पडली. मी चळत खाली ठेवली. पदर खांद्यावर घेतला, डोक्यावर नाही. पडदा बाजूला केला आणि बैठकीच्या उंबऱ्यात उभी राहिले. मामंजींची माझ्याकडं पाठ होती.

"मामंजी," मी म्हटलं, "मला कुणी विचारलं नाही. मला नोकरी करायचीय."

आवाज चांगला निघाला. शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

मामंजी दचकले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी मान अर्धी वळवली आणि स्टुलावरच्या मुलाला विचारलं, "कोन बोलायलंय?"

ते टोमणा मारत नव्हते. मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांना खरंच कळलं नव्हतं. चाकाच्या आवाजावरून तडा ओळखणारा हा माणूस, तेरा वर्षं मी रांधलेलं खाल्लेला, आजारात माझ्या हातचं औषध घेतलेला, त्याला माझा आवाज ओळखू आला नाही. कसा येणार? घरात मी कायम कुजबुजतच बोलले होते, असा मोठ्यानं त्यानं तो ऐकलाच नव्हता.

"बाबा," नवरा फरशीकडं बघत म्हणाला, "ती बोलायलीय."

"मी," मी म्हटलं. "तुमची सून."

मुलगी रिकामा ट्रे छातीशी धरून माझ्याकडं टकामका बघत होती. मला पुष्कळ बोलायचं होतं. दाराचं, पिचकारीचं, आत्याबाईंचं. पण मी तेवढंच बोलून उभी राहिले, कारण आणखी एक शब्द बोलले असते तर रडले असते आणि मग ते रडणंच तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं असतं.

हेडमास्तरांनी मामंजींकडं बघितलं. मामंजी भिंतीकडं बघत होते. मग हेडमास्तर माझ्याकडं वळून म्हणाले, "जूनपासून या बाई. सकाळच्या गाडीनं."

मामंजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी तेरा वर्षं होकार धरला होता. मीही त्यांचा धरला.

जूनमध्ये मी रुजू झाले. पहिल्या दिवशी वर्गात इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. घरी मामंजींचं भिंतीशी बोलणं मात्र चालूच होतं, आणि आता त्यात रागही होता. सकाळी मी डबा भरत असले, गाडीची वेळ होत आली असली, की ते बाजेवर बसून कपबशी आपटायचे. एकदा. मग दोनदा. एवढं वय झालं आणि त्यांना आता आपटणं सुचलं होतं. मला त्या आवाजाचा अर्थ चांगला कळत होता, तेरा वर्षं मी तीच भाषा बोलत होते. दोन-तीन दिवस मी ऐकून घेतलं. मग एका सकाळी कपबशी वाजली तशी मी डबा पिशवीत टाकला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय असंल ते तोंडानं सांगा, मामंजी. मला गाडी गाठायचीय."

त्यांनी कप हातात फिरवला. बाहेर गाडीची पहिली शिट्टी झाली. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघून, जन्मातलं पहिलं वाक्य माझ्याशी बोलले.

"चहात साखर कमी हाय."

"साखर कपाटात आहे," मी चपला घालत म्हटलं. "उठा आणि घ्या. दार वाजत नाही, तुम्हीच केलंय."